स्वस्त सजावट कोणाला महाग पडते?

दिवाळीचे दिवे विझून नाताळाची चाहूल लागली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, दूरचित्रवाणीवरून आणि हल्ली हातोहाती फिरणाऱ्या भ्रमणध्वनीवरून एक ठरावीक उपदेश सुरू होतो. थोडक्या पैशांत घर कसे सजवावे, पाचशे रुपयांत दिवाणखाना कसा उजळावा, जुन्या बाटल्यांना रंग देऊन पाहुण्यांचे डोळे कसे दिपवावेत, असे त्याचे स्वरूप असते. वरवर पाहता यात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. उधळपट्टी करू नका, ऐपतीप्रमाणे वागा, एवढेच तर सांगितले जाते. परंतु या निरुपद्रवी वाटणाऱ्या उपदेशात तीन प्रश्न शिताफीने गाळलेले असतात. ज्या घराला हा उपदेश करावयाचा, त्या घराजवळ थोडकेच पैसे का उरतात? जी वस्तू त्याला स्वस्त मिळते, ती कोणाच्या श्रमावर स्वस्त झालेली असते? आणि त्याने खर्च केलेला रुपया शेवटी कोणाच्या गाठीला जातो? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सजावटीची चर्चा करणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता त्याला पथ्य सांगणे होय.

औसा हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. किल्ल्याच्या सावलीत वाढलेली त्याची बाजारपेठ काही मोठी नव्हे. गावात आणि आसपास ख्रिस्ती घरे थोडी. तरीही डिसेंबरात येथल्या दुकानांत लाल टोप्या, प्लास्टिकची झाडे आणि रोषणाईच्या माळा टांगलेल्या दिसतात. यात नवल नाही. ऑक्टोबरात आकाशकंदील म्हणून विकली गेलेली चांदणीच डिसेंबरात नाताळाची चांदणी होते. माळ तीच, खोके तेच, आणलेला मालही त्याच घाऊक व्यापाऱ्याचा. बाजाराला धर्म नसतो. त्याला हंगाम असतो. म्हणून नाताळाच्या सजावटीचा प्रश्न हा मूठभर ख्रिस्ती कुटुंबांचा प्रश्न आहे असे मानून तो बाजूला सारता येणार नाही. सण साजरा करू पाहणाऱ्या प्रत्येक गरीब घराचा तो प्रश्न आहे.

चळवळीतला एक गैरसमज

प्रथम चळवळीच्या घरातील एका गैरसमजाचा समाचार घेणे आवश्यक आहे. कित्येक कार्यकर्त्यांना सजावट हा शब्दच रुचत नाही. पोटाला भाकरी नाही तेथे कसली चांदणी आणि कसले तोरण, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल दिसतो जहाल. पण त्याच्या मुळाशी गरिबांविषयीची एक प्रकारची तुच्छताच दडलेली आहे. सौंदर्याची भूक ही भरल्या पोटाचीच असते, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात मराठवाड्यातील कोणत्याही वस्तीत जाऊन पाहावे. ज्या घरात धड दोन पातेली नाहीत, त्या घराच्या उंबऱ्यापुढे सडा असतो आणि सड्यावर रांगोळीच्या चार रेघा असतात. पोळ्याच्या दिवशी स्वतःच्या अंगावर फाटकी बंडी असलेला सालगडी मालकाच्या बैलाची शिंगे रंगवतो आणि त्यांना बेगड चिकटवतो. ही उधळपट्टी नव्हे. आपले जिणे केवळ राबण्यापुरते नाही, हे सांगण्याची ती श्रमिकांची रीत आहे. ही रीत ज्याला कळत नाही, त्याला श्रमिकांच्या राजकारणाचा अर्थही अर्धाच कळलेला असतो.

थोरस्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 साली रिकामटेकड्या वर्गावरील आपल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. इतरांना आपली ऐपत दिसावी म्हणून केलेला खर्च, असा त्या कल्पनेचा सारांश आहे. पुण्या-मुंबईच्या वसाहतींत भाड्याने माणसे लावून जी रोषणाई केली जाते, तिला ही मीमांसा लागू पडते. औशाच्या एखाद्या मजुराने दारावर टांगलेल्या कागदी चांदणीला ती लावणे हा अन्याय आहे. व्हेब्लेनची लेखणी धनिकांवर रोखलेली होती. ती गरिबांवर उलटवण्याचे काही कारण नाही.

अंदाजपत्रक लहान कोणी केले?

आता उपदेशकांच्या थोडक्या पैशांकडे वळावे. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कौटुंबिक उपभोग-खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी 4,122 रुपये होता आणि त्यातील सुमारे 47 टक्के केवळ अन्नावर जात होता. म्हणजे औषधपाणी, कपडालत्ता, मुलांचे शिक्षण, प्रवास आणि जळण या सर्वांसाठी मिळून माणशी सुमारे 2,180 रुपये उरले. ही सरासरी आहे हे ध्यानी घ्यावे. सरासरीत बागाईतदारही येतो आणि त्याच्या बांधावर राबणारी बाईही येते. तिच्या वाट्याला सरासरी येत नाही. सण साजरा करावयाचा तो या उरलेल्या पैशांतून.

औसा तालुक्याचे अर्थकारण सोयाबीनवर चालते. पीक निघते ते दिवाळीच्या आगेमागे, आणि दिवाळी ते नाताळ या अवधीतच शेतकऱ्याच्या हातात वर्षातला मोठा पैसा येतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. मोंढ्यातला भाव मात्र बराच काळ त्याखाली राहिला. सरकारी खरेदी उशिरा सुरू झाली आणि पुढे बारदान्याच्या टंचाईने अडखळली. समजा, एखाद्या लहान शेतकऱ्याने दहा क्विंटल सोयाबीन 4,200 रुपयांनी घातले, तर हमीभावाच्या मानाने त्याचे 6,920 रुपये बुडाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे एका पट्टीवर तेवीस दिवसांची मजुरी गेली. ज्या घरातून अशा रीतीने 6,920 रुपये नाहीसे होतात, त्या घराला पाचशे रुपयांत सजावट कशी करावी याचे धडे देणे याला काय म्हणावे? लुटीचा मोठा आकडा झाकून लहान आकड्यात काटकसर करावयास शिकवणे, हा या उपदेशाचा खरा व्यवहार आहे. पुढल्या हंगामात हमीभाव 5,328 रुपये झाला खरा; पण सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील सोयाबीन उभ्या शेतात कुजवले. हमीभाव कागदावर चढला आणि भाव मिळवण्यासाठी माल उरला नाही.

याच महिन्यांत मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत त्यांचा हिवाळा सरतो. गावाकडे दाराला कुलूप असते, फार तर म्हातारी माणसे असतात. घरसजावटीच्या कोणत्या पुरवणीत या कुलपाचा उल्लेख असतो?

घराचे माप आणि जमिनीचे माप

औसा तालुक्यात घर या शब्दाला एक वेगळा, दुखरा अर्थ आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी याच तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे हजारो माणसांवर कोसळली. त्यानंतर गावे नव्या जागी वसवली गेली. ज्या गावांचे पूर्ण स्थलांतर झाले, तेथे घराचे क्षेत्रफळ कुटुंबातील माणसे मोजून ठरले नाही. ते जमीन मोजून ठरले. भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400 आणि मोठ्या जमीनदाराला 750 चौरस फूट, असे ते माप होते. भूकंपाने वाडा आणि झोपडी यांतला भेद एका क्षणात पुसला होता. पुनर्वसनाने तो फुटपट्टी लावून पुन्हा आखून दिला.

या गोष्टीचा सजावटीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, जुन्या घराला अंगण होते, ओसरी होती, भिंतीत पणती ठेवण्यासाठी कोनाडा होता. सजावटीची जागा घराच्या बांधणीतच होती. नव्या सिमेंटच्या खोलीत कोनाडा नाही आणि भिंतीला खिळा ठोकावयाचा तरी हात कचरतो. अडीचशे चौरस फुटांत चार माणसे, धान्याची पोती आणि शिवणाचे यंत्र राहिल्यावर शोभेच्या झाडाला जागा कोठली? शोभेच्या वस्तू निवडण्याची चर्चा राहण्याच्या जागेच्या चर्चेनंतर यावी. ती आधी येते, कारण वस्तू विकता येतात आणि जागेचा प्रश्न विकता येत नाही.

स्वस्ताईचे मूळ

उपदेशकांची स्वस्त वस्तू येते कोठून? जगातील नाताळाच्या सजावटीचा फार मोठा भाग चीनच्या चच्यांग प्रांतातील यीवू या एका शहरातून आणि त्याच्या परिसरातून निर्यात होतो. तेथे किरकोळ वस्तूंची अधिकृत बाजारपेठ 1982 साली उघडली आणि पुढे ती जगातील सर्वांत मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक झाली. सुमारे दहा वर्षांपूर्वी तेथील कारखान्यांची जी वर्णने आणि छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली, त्यांत खेड्यांतून आलेले तरुण कामगार थर्मोकोलच्या शोभेच्या आकृत्या तांबड्या भुकटीत घोळताना दिसत होते. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधलेले, अंगभर तांबडा रंग. औशाच्या मजुराच्या दारावरील लखलखाट हा दुसऱ्या देशातल्या मजुराच्या फुफ्फुसातून आलेला आहे. दोन्ही मजुरांची गाठ कधी पडत नाही. मधल्या व्यापाऱ्याची मात्र दोघांशीही पडते.

यावर एक सोपा तोडगा सांगितला जातो: चिनी मालावर बहिष्कार. या घोषणेतला फोलपणाही ओळखला पाहिजे. बहिष्काराची मोहीम निघाली की तिचा दणका बंदरावरच्या आयातदाराला बसत नाही. तो बसतो उसनवारीने माल भरून रस्त्याच्या कडेला बसलेल्या हातगाडीवाल्याला. चिनी प्लास्टिकच्या जागी देशी प्लास्टिक आले आणि ते बनवणाऱ्या कामगाराला तितकीच हलकी मजुरी मिळाली, तर बदलला तो खोक्यावरचा शिक्का. हाच दोषी-निर्दोषांचा घोटाळा प्लास्टिकबंदीतही झाला. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये आणि केंद्राने 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. परंतु थर्मोकोलची मखरे कोरून पोट भरणाऱ्या कारागिराच्या हाती दुसरे साहित्य आणि दुसरे कसब देण्याची जबाबदारी कोणी उचलली? जप्ती आणि दंड एवढ्यावर धोरण संपते, तेव्हा पर्यावरणाचे ओझेही गरिबाच्याच डोक्यावर येते.

गोठा आणि कोप

नाताळाच्या कथेचा गाभा काय आहे, हे येथे आठवावे. लूकच्या शुभवर्तमानानुसार सम्राटाच्या हुकुमावरून खानेसुमारी चाललेली असताना एक सुताराचे कुटुंब परगावी जाते, धर्मशाळेत त्याला जागा मिळत नाही, आणि बालकाला गव्हाणीत निजवावे लागते. बेघर, सरकारी हुकुमाने हिंडावे लागणाऱ्या कष्टकऱ्यांची ही कथा आहे. ज्या सणाच्या केंद्रस्थानी गोठा आहे, त्या सणाला दिवाणखान्याच्या थाटात बसवणे ही बाजाराचीच करामत होय. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आजही गवत, माती आणि कागद यांचा गोठा हातांनी उभारतात. बर्फ कधी न पाहिलेल्या मुलखात झाडावर कापूस पसरून बर्फ करण्याची जी चाल पडली, तिच्यापेक्षा हा गोठा या मातीला कितीतरी जवळचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे आणि ओवीचे वळण दिले. सजावटीलाही तसे देशी वळण असू शकते.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्याचा नमुना दूर शोधावा लागत नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, लोकांच्या तोंडची येळवस, नाताळाच्या आगेमागेच येते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. रानात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पांडव मांडतात, भज्जी-उंडे आणि अंबील यांची पंगत बसते आणि वाटसरूलाही बोलावून जेवू घालतात. पंगतीला धर्म विचारला जात नाही. कडब्याची ही कोप आणि नाताळाचा तो गोठा यांचे रूप एकच आहे. बाजारातून काहीही न आणता उभारलेली ती सजावट आहे.

तथापि येथेही भाबडेपणा नको. फुकटच्या सजावटीलाही मालकी लागते. कोप उभारावयास शेत हवे. ज्याला शेत नाही तो येळवशीला दुसऱ्याच्या रानात पाहुणा असतो. कडबाही आता फुकट राहिलेला नाही. सोयाबीनने ज्वारीला मागे रेटल्यापासून ज्वारीचा पेरा घटला आणि कडबा विकत घेण्याची वस्तू झाली. म्हणून जुन्या साधेपणाकडे परत चला, एवढे सांगून भागणार नाही. साधेपणाची साधने कोणाच्या हातात आहेत, हा प्रश्न उरतोच.

कार्यकर्त्यांपुढील काम

मग करावयाचे काय? पहिले काम मोंढ्यातले आहे. सोयाबीनची हमीभावाने खरेदी दिवाळीपूर्वी आणि पुरेशा बारदान्यासह सुरू झाली पाहिजे, यासाठी तालुक्यातून रेटा उभा करणे हीच गरीब घराच्या सजावटीची पहिली तरतूद आहे. मजुरी वेळेवर मिळवून देणे ही दुसरी. अंदाजपत्रकात बसवून सण उरकण्यापेक्षा अंदाजपत्रकच वाढवण्याची ही वाट आहे.

तिसरे काम साहित्याचे आणि कसबाचे. चांदणीला लागतात बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, दोरा आणि खळ. 2017 च्या कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक यांवरील जाच कमी झाला. औसा तालुक्यातच लोदगा येथे पाशा पटेल यांच्या पुढाकाराने बांबूची लागवड आणि बांबूकाम यांचा प्रयत्न चालू आहे. पटेल यांच्या राजकारणाशी मतभेद असणाऱ्यांनीही या प्रयत्नाकडे पाठ फिरवू नये. त्याला प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. हा बांबू पिढ्यान्‌पिढ्या बांबूच विणणाऱ्या बुरुडाच्या हाती कोणत्या भावाने पडतो? त्याची सूप-टोपली प्लास्टिकने मारली. निदान चांदणीचा आणि आकाशकंदिलाचा सांगाडा तरी त्याच्या हातून व्हावा. महिलांच्या बचत गटांनी सांगाडे त्याच्याकडून घ्यावेत, कागद लावून माल तयार करावा आणि नगरपालिकेने दसऱ्यापासून नाताळापर्यंत बाजारात त्यांना विनाभाडे जागा द्यावी. ही मागणी अवास्तव नाही. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालण्याचीही गरज नाही.

हे काम शाळांतूनही होऊ शकते. आज जगभर नाताळात झळकणारी अनेक टोकांची मोरेव्हियन चांदणी 1830 च्या दशकात जर्मनीतील नीस्की येथील एका शाळेत भूमितीचा पाठ म्हणून प्रथम बनवली गेली. मुलांनी कागद मोजावा, घडी घालावी, कोन जुळवावेत, यातून ती निर्माण झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत हा पाठ देता येणार नाही असे नाही. भूमितीही शिकली जाईल आणि प्रत्येक मुलाच्या घरी, मग ते घर दिवाळीचे असो, ईदेचे असो वा नाताळाचे, त्याच्या हातची एक चांदणी जाईल.

शेवटचे काम सामुदायिक सजावटीचे. प्रत्येक घराने शेजाऱ्याशी चढाओढ करीत माळा टांगण्यापेक्षा वस्तीने मिळून एक गोठा, एक कोप, एक मोठी चांदणी उभारावी. ज्याच्याकडे कडबा आहे त्याने कडबा द्यावा, ज्याच्याकडे हात आहेत त्याने हात द्यावेत. घराघरांतल्या स्पर्धेवर बाजार पोसला जातो; सामुदायिक उत्सवात त्याला विकण्यासारखे फारसे उरत नाही. सणाच्या हौसेपायी खाजगी सावकाराचे वा सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे हप्ते मागे लावून घेण्याची पाळी मग कोणावर येणार नाही.

या सूचनांनी भांडवलशाही कोसळेल असा भ्रम कोणी बाळगू नये. कागदाच्या चांदणीने यीवूचा बाजार उठणार नाही. परंतु औशाच्या गरीब घराने सणासाठी काढलेल्या पाचशे रुपयांपैकी तीनशे जरी तालुक्यातल्या बुरुडाच्या, कुंभाराच्या आणि बचत गटातल्या बाईच्या हाती पडले, तर तेच पैसे पुन्हा याच बाजारात ज्वारी आणि वह्यापुस्तके घ्यावयास येतील. हे अर्थशास्त्राचे प्राथमिक गणित आहे, आणि घरसजावटीचा कोणताही उपदेशक ते सांगत नाही.

सुंदर घर हा श्रमिकाचा हक्क आहे. त्याची भीक नको आणि त्याबद्दल टोमणेही नकोत. थोडक्यात भागवण्याचे कसब त्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही, कारण ते त्याचा जन्मभराचा अभ्यास आहे. शिकवावयाचेच असेल तर त्याच्या वाट्याला थोडके का येते, हे शिकवावे. येत्या नाताळात कार्यकर्त्यांनी वस्तीत चांदणी जरूर टांगावी. मात्र ती टांगताना जमलेल्या मंडळींपुढे सोयाबीनच्या पट्टीचा हिशेबही मांडावा.